पारोळ्यापर्यंत

हितेंद्रने आम्हाला डोळे मिटायला सांगितले आणि स्वतःचं नाव तीन वेळा मोठ्याने म्हणायला लावलं. जळगावच्या एका हॉटेलच्या एसी हॉलमध्ये एकोणीस मोठी माणसं डोळे मिटून स्वतःलाच हाका मारत होती. वेटर चहाचा ट्रे घेऊन आत आला, थबकला आणि पाय न वाजवता परत गेला. त्या हॉलमध्ये अक्कल असलेला तो एकटाच.

"तुमच्या आत एक आवाज आहे!" हितेंद्र कॉलरला लावलेल्या माईकवर ओरडला. "त्याला बाहेर येऊ द्या!"

हितेंद्र म्हणजे माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ. तीन वर्षांपूर्वी तो मोबाईलची कव्हरं विकायचा, आता पॉडकास्ट शिकवतो. त्याचा स्वतःचा पॉडकास्ट आहे, त्यात तो केळीच्या मोठ्या व्यापाऱ्यांना बोलावतो, आणि ज्यांच्या आजोबांनीच सगळं उभं करून ठेवलंय त्यांना विचारतो, "सर, तुमचा स्ट्रगल सांगा ना." सर बराच वेळ आठवत बसतात.

माझं नाव त्या शिबिरात नवऱ्याने, अनुजने, घातलं होतं. वाढदिवसाची भेट म्हणून. "तुझं मन रमेल," म्हणाला. बाळंत झालेल्या बाईच्या हातात मन रमवायला काहीतरी द्यावं, असं त्याने कुठेतरी वाचलं असणार. वाचून मिटलं असणार.

माझ्या एका बाजूला फैजपूरचे एक काका होते. त्यांना केळीच्या पानावरच्या डागांवर पॉडकास्ट काढायचा होता. तो तरी उपयोगाचा. दुसऱ्या बाजूला धुळ्याच्या एक डेंटिस्ट मॅडम. त्या नाव सांगतानाही सगळे दात दाखवत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी काही बोलायच्या आतच हितेंद्र म्हणाला, "भाभींचा विषय तर रेडी आहे! मदरहुड! बाळाचा पहिला घास, पहिलं पाऊल, गोड-गोड. लेडीज ऑडियन्स धडाधड येतो बघा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार.

मला एकच गोष्ट सांगायची होती आणि ती गोड नव्हती. मागच्या ऑक्टोबरात, माझी लेक पलक दोन महिन्यांची असताना, एका दुपारी मी तिला झोळीत झोपलेली सोडून घराबाहेर पडले आणि धुळ्याच्या बसमध्ये बसले. धुळे माझं माहेर. पण माहेरी जायचं असं काही ठरवलं नव्हतं. फक्त तिचं रडणं जिथे ऐकू येणार नाही तिथे जायचं होतं. पारोळ्याला उतरले आणि परत आले. तीन तासांचं काम. घरी सांगितलं, दवाखान्यात गर्दी होती.

ते कोणालाच कळलं नाही, हेच वाईट झालं. कळलं असतं तर आरडाओरडा झाला असता आणि संपलं असतं. आता कोणी "किती गं जीव लावतेस लेकीला" म्हटलं की मी दुसरीकडे बघते. आंघोळीनंतर पलकला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरते, तिच्या मानेच्या वळीतला दुधाचा वास घेते, आणि मनात येतं, हिला माहीत नाही मी कोण आहे. एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या तोंडाने ते सगळं बोलून टाकायचं होतं. ज्यांचे चेहरे मला दिसणार नाहीत अशा बायकांसमोर. त्याशिवाय मला तिची आई म्हणवून घ्यायची लाज वाटत होती. त्यासाठी पॉडकास्ट ही सोय वाईट नव्हती. फक्त ती हितेंद्रच्या हातात होती.

"आखाजीला लाँच," त्याने जाहीर केलं. "माझ्या चॅनलवर एकाच दिवशी पाच नवे खान्देशी आवाज. भाभी, पहिला एपिसोड त्याआधी पाहिजे. स्लॉट ठेवतोय तुमच्यासाठी."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोळा दिवस होते.

आमच्या घरात शांतता फक्त एकदा असते. दुपारी दोनला. तेव्हा माझी सासू सामायिक करते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही स्थानकवासी जैन. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर बसायचं. तोंडाला पांढरी मुहपत्ती बांधायची, समोर वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि संसार बाजूला ठेवायचा. पंखा नाही, फोन नाही, उठायचं नाही, घरच्या गोष्टी बोलायच्या नाहीत. मम्मीजी, म्हणजे कुसुमलताबाई, गेली सव्वीस वर्षं रोज करतात. वैशाखात जळगावला भिंतीसुद्धा हाताला चटके देतात, तेव्हाही पंखा बंद करून घाम पुसत बसतात. पापाजी आणि अनुज दुकानावर असतात. मिक्सर बंद, टीव्ही बंद. गल्लीत भंगारवाला नासीरचाचा सुद्धा त्या वेळी आमच्या दारापाशी आवाज खाली आणतो.

आणि सामायिकात बसलेल्या माणसाला आमच्या घरात कोणी माणसात धरत नाही. म्हणजे मान सगळे देतात, पण त्यांच्यासमोर बोलताना ते तिथे नाहीत असंच बोलतात. अनुजने एकदा मम्मीजींच्या साठीला काय द्यायचं याची चर्चा त्यांच्या आसनापासून चार हातांवर बसून केली होती. "हळू बोला," मी म्हटलं. "सामायिकात आहे गं ती," तो म्हणाला. जणू गावाला गेली आहे.

मम्मीजींच्या खोलीला लागून गाद्या-गोधड्यांची खोली आहे. पूर्वी एकच मोठी खोली होती, पापाजींनी मध्ये प्लाय ठोकून दोन केल्या. प्लाय छतापर्यंत पोचत नाही, वर हातभर जागा उघडी आहे. तिथे मी पलकची झोळी टांगली, दोन गाद्या उभ्या केल्या, मध्ये शिरले आणि फोनसमोर तोंड उघडलं.

"नमस्कार, मी रूपल."

आणि पुढे काही नाही.

माझा आवाज मी पहिल्यांदाच बाहेरून ऐकला. बँकेत टोकन नंबर पुकारणाऱ्या बाईचा होता तो. दुसऱ्या दिवशी मी आवाज गोड केला, तर साबणाच्या जाहिरातीतली बाई आली. तिसऱ्या दिवशी कागदावर लिहून वाचलं. "मातृत्व हा एक प्रवास आहे," एवढं वाचून मलाच शिसारी आली. प्रवास तर खराच केला होता, पण एसटीने.

चौथ्या दिवशी पलकच्या पहिल्या घासावर चार मिनिटं रेटून बोलले आणि हितेंद्रला पाठवलं. त्याचा व्हॉइस मेसेज आला, "भाभी, एनर्जी कमी आहे. स्माईल करून बोला. स्माईल ऐकू येतं." मी तो मेसेज तीन वेळा ऐकला. त्याचं स्माईल खरंच ऐकू येत होतं. जीभ काढून ठेवावीशी वाटत होती.

अनुजला ऐकवलं. त्याने एकच इयरफोन घातला, दुसऱ्या कानाने क्रिकेट ऐकत होता. "छान आहे," म्हणाला. "जरा मोठं नाही का?" चार मिनिटं.

रोज दुपारी दोनला मी घामाने निथळत गाद्यांमध्ये शिरायचे, हात गार पडायचे, "नमस्कार, मी रूपल" म्हणायचे आणि अडायचे. कधी "नमस्कार"वरच. कधी खोकायचे. कधी पलक झोळीत पाय झाडायची आणि मला बंद करायला निमित्त मिळायचं. त्या पोरीने माझी बाजू जेवढ्या वेळा सावरली तेवढी कोणी सावरली नसेल. असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी डेंटिस्ट मॅडमचा फोटो ग्रुपवर आला. डोक्याला मोठाले हेडफोन, खाली 'रेकॉर्डिंग डन!' आणि तेच बत्तीस दात. मला राग आला. माझ्यात नवं काही झालं असेल तर एवढंच.

मी गाद्यांमध्ये शिरले आणि नमस्कार न करता सुरू केलं. बापाच्या दुकानात बसल्यासारखं. धुळ्याला आमचं कापडाचं दुकान आहे, पाचकंदीलजवळ. सोनगीरकडच्या बायका लुगडी घ्यायला यायच्या आणि सगळं घर त्या गल्ल्यासमोर ओतायच्या. सासू, जाऊ, नवरा, पाळी, सगळं. मी दहा-बारा वर्षांची, गल्ल्यामागे बसून ऐकायचे. त्यांना माईक लागत नव्हता. कोणी त्यांना डोळे मिटायला सांगितले नव्हते.

मी सांगितलं. त्या दिवशी सकाळपासून पलक कशी रडत होती, मी पाजलं, थोपटलं, हिंगाचं पाणी पोटाला लावलं, आणि एका क्षणी तिच्याकडे बघून मला काहीच वाटलं नाही. राग पण नाही. पाटीवरचं पुसून टाकावं तसं. दोनला ती झोपली. मम्मीजी सामायिकात बसल्या. मी चप्पल घातली.

"एरंडोल गेलं तरी मी खिडकीतून बघत होते," मी फोनला सांगितलं. "पारोळ्याला गाडी थांबली आणि मला कळलं की माझा कुर्ता भिजलाय. दोन्ही बाजूंनी. तिची दुधाची वेळ झाली होती. मी सुटले, पण अंग नाही सुटलं. मी ओढणी पुढे घेऊन स्टँडच्या बाकावर बसले. शेजारी एक म्हातारी, लसणाची जुडी मांडीवर घेऊन. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'बाई, तुनं लेकरू कोठे शे?' मी म्हटलं, 'घर शे.' ती म्हणाली, 'मंग तू आठे काय करी राह्यनी?' मी इथे काय करत होते? जळगावची गाडी लागली. तिने मला दंडाला धरून उठवलं. लसूण घेऊन ये म्हटल्यासारखं, काही विशेष नाही."

इथपर्यंत आवाज थरथरत होता. मग पुढचं आलं आणि आवाज एकदम घट्ट झाला. घाबरट माणसाला तिरस्कार फार कामाला येतो.

"घरी आले तेव्हा पाच वाजले होते," मी म्हटलं. "स्वयंपाकाला हात लागलेला नव्हता. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवतात, पाचला फोडणीचा वास यायला पाहिजे. माझी सासू आसनावर बसलेली होती. तोंडाला मुहपत्ती. माळ चालू. आणि पोरगी झोळीत, गालांवर रडून सुकलेले ओघळ. दोनपासून ही बाई तशीच बसली होती. एकावर एक सामायिक. नात रडून रडून झोपली, पण ही उठली नाही. पुण्य मोडलं असतं ना. मी तरी पारोळ्याला होते. ही चार हातांवर होती."

हे बोलताना मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. सहा महिने मी ते गिळून बसले होते. मी वाईट, पण माझ्याहून वाईट कोणीतरी या घरात आहे, याच आधारावर मी रोज उठून चहा टाकत होते.

पलक जागी झाली. मी तिला अंगावर घेतलं आणि बोलत राहिले. तिचं चुटुचुटु पिणं रेकॉर्डिंगमध्ये आलं आहे. अकरा मिनिटं. मी ऐकून पाहिलं नाही. धीर सुटायच्या आत हितेंद्रला पाठवून दिलं.

पलीकडे वाळू अजून खाली पडत होती.

बारा मिनिटांनी त्याचा मेसेज. "भाभी!!! आग!!!" मग, "सासूवाला पार्ट!!! रडलो!!!" मग चाळीस सेकंदांची क्लिप. काळ्या पडद्यावर लाल अक्षरं, 'नात रडत राहिली… सासू उठलीच नाही', खाली माझा आवाज आणि त्याखाली व्हायोलिन. "आज सात वाजता टाकतो. प्रोमो."

मला आनंद झाला. हेही लिहून ठेवते.

प्लायच्या पलीकडे मम्मीजी सामायिक पूर्ण करायचा पाठ म्हणू लागल्या. त्यात चार तऱ्हेच्या फालतू गोष्टींत मन गेलं असेल तर क्षमा मागतात. बायकांच्या गोष्टी, खाण्याच्या, देशाच्या, राज्याच्या. रोज त्या हे एका दमात म्हणतात. आज पहिलीपाशी थांबल्या. मग पुढे गेल्या.

बाहेर आल्या, आसनाची घडी केली, स्वयंपाकघरात जाऊन उकळून गार केलेलं पाणी प्यायल्या. मी पलकला खांद्यावर घेऊन उभी. (घरात आम्ही मारवाडीत बोलतो, इथे मराठीत लिहिते. फक्त 'बीनणी', म्हणजे सूनबाई, तसंच ठेवते.)

"तेरा दिवस," त्या म्हणाल्या. "तेरा दिवस 'नमस्कार, मी रूपल' ऐकतेय. आज कुठे पुढे सरकलीस."

मी पलकला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तुम्हाला ऐकू येतं?"

"मुहपत्ती तोंडाला बांधतात, बीनणी. कानाला नाही."

त्यांनी भेंडी घेतली आणि पुसायला बसल्या. एकेक भेंडी, दोन्ही बाजूंनी.

"पारोळा," त्या म्हणाल्या. "पळून जायचं तर माणूस सुरतेला जातं, मुंबईला जातं. पारोळ्याला काय आहे?"

"मी धुळ्याला निघाले होते."

"पोचली तर नाहीस." एक भेंडी. "दवाखान्यात गेले होते म्हणालीस. कुर्ता कमरेपर्यंत भिजलेला. दवाखान्यात एवढं भिजतं का कोणी? मला वाटलं, विहिरीवर जाऊन आली. त्या रात्री मी तुझ्या दाराबाहेर झोपले होते. तुला वाटलं, उकडतंय म्हणून."

मला तसंच वाटलं होतं. इतक्या मोठ्या घरात यांना आमच्याच दारात पसरायचं असतं, असंही.

"आणि मी उठले नाही म्हणालीस."

"तुम्ही आसनावर होतात," मी म्हटलं. "पाच वाजता. मी डोळ्यांनी बघितलं."

"पाचला होतेच. दुसऱ्यांदा बसले होते."

भेंडी पुसणं थांबलं नाही.

"वीस मिनिटं झाली नसतील, ती उठली. मला वाटलं, तू गच्चीवर असशील, येशील. एक माळ झाली. तू नाही. मग तिचा आवाज बदलला. रडता रडता आत ओढतात ना श्वास, तसं. उठले. अर्धी सामायिक टाकून, पाठ नाही, काही नाही. मुहपत्ती तशीच तोंडाला. तर ती मुहपत्तीलाच घाबरली आणि जास्त रडली. मग ती ओढून फेकली. वाटी-चमच्याने दूध पाजलं. निम्मं माझ्या साडीवर. साडेचारला झोपली. मग परत बसले. पहिल्यापासून."

मला स्वयंपाकाचा ओटा आठवला. रिकामा, कोरडा. ज्या बाईने सव्वीस वर्षांत सूर्य आणि फोडणी यांची वेळ चुकवली नाही, तिचा ओटा पाचला कोरडा होता आणि मी त्याचा अर्थ काढला होता. सोयीचा.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"तू मला सांगितलंस?"

पलकने माझ्या खांद्यावर गुळणी टाकली. मम्मीजींनी उठून फडकं दिलं, परत बसल्या.

"महासतींना सांगितलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी दोन उपवास दिले. केले. झालं."

आमच्या साध्वींनी प्रायश्चित्त म्हणून दिलेले ते दोन उपवास मम्मीजींनी दिवाळीच्या फराळाच्या तोंडावर केले होते. मी धुळ्याला आईला फोन करून म्हटलं होतं, बघ, चकल्या करायला नकोत म्हणून धर्म.

"मी सांगते सगळ्यांना," मी म्हटलं. "की तुम्ही उठलात. आत्ताच परत बोलते."

"खबरदार." पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली. "ते महासतींचं आणि माझं आहे. फेडून झालंय. ते काय चौकात लावायचं?"

"मग लोक म्हणतील कठोर आहात."

"म्हणू देत. आधीही म्हणतातच." आणि भेंडी चिरायला घेतली. "मी उठले याच्यासाठी टाळ्या मिळतील ना आता? नात रडत होती, आजी उठली. वा. कुत्री पण उठते."

सात वाजायला चार तास होते. मी हितेंद्रला फोन लावला. कडेवर पलक, म्हणून स्पीकरवर.

"क्लिप टाकू नकोस," मी म्हटलं.

"भाभी, हे नर्व्हसनेस आहे. सगळ्या बिगिनर्सना होतं. दीर्घ श्वास घ्या."

"त्यातली गोष्ट खरी नाही."

"फील तर खरा आहे ना?"

"हितेंद्र, ती तुझी मासी आहे."

"कंटेंटमध्ये मासी-बिसी नसते, भाभी. मासीला काय, ती थोडीच ऐकते पॉडकास्ट."

विळीवर भेंडीचे तुकडे पडत होते. मासी म्हणाली, "त्याला सांग, ते व्हायोलिन काढ. कोणी मेलेलं नाही."

तुमच्या आत एक आवाज आहे म्हणणाऱ्याचा तो आतला आवाज कुठे गेला कोण जाणे.

"प्रणाम, मासी," तो शेवटी म्हणाला.

"तू काय ठरवायचं ते ठरव," त्या म्हणाल्या आणि भेंडी घेऊन ओट्याकडे गेल्या. त्यांना खरंच फिकीर नव्हती. क्लिप गेली असती तरी त्यांनी सातला दिवा मालवून माळ घेतली असती. पण मला जगता आलं नसतं. एकदा मी त्या पोरीला सोडून गेले होते. आता जिने तिला उचललं, तिला मी चाळीस सेकंदांत नागवी करून चौकात उभी करणार होते, आणि तेही माझा आवाज थरथरू नये म्हणून.

"पुसून टाक," मी हितेंद्रला म्हटलं. "अख्खं. मी दुसरं देते."

"त्यात सासू असेल का?"

"नाही."

"मग काय राहिलं? बाई बसमध्ये बसली आणि परत आली." तो उसासला. "भाभी, मी स्लॉट डेंटिस्ट मॅडमना देतो. त्यांचे दोन एपिसोड रेडी आहेत. मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांचाच आवाज नसतो."

मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने एका वाक्यात माझ्यावर उपकार केले: क्लिप टळली आणि त्याचा स्लॉटही सुटला.

दुसऱ्या दिवशी दोनला मम्मीजींनी आसन घातलं. मला वाटलं होतं, आज त्या पुढच्या खोलीत बसतील. नाही. तीच खोली, तीच भिंत. वाळूचं घड्याळ उलटं केल्याचा टक् असा आवाज आला.

मी गाद्यांमध्ये शिरले. हात गार. हे हात बहुतेक शेवटपर्यंत गारच राहणार, ते आता मी मान्य केलं आहे. काल तिरस्काराने आवाज घट्ट केला होता, आज तोही हाताशी नव्हता. हितेंद्रबद्दलचा होता, पण तो पारोळ्यापर्यंत पुरण्यासारखा नव्हता. माझ्याबद्दलचा मात्र भरपूर होता. त्यावर सुरू केलं.

बस सांगितली. एरंडोल, कुर्ता, लसणाची जुडी, म्हातारी. दोनदा अडले. एकदा पलकने झोळीतून फोनची वायर ओढली, ते पण तसंच ठेवलं. परतीच्या गाडीत मी उभी होते, जागा असूनही, बसलं तर गाडी हळू जाईल असं वाटत होतं, हे काल सांगायचं राहिलं होतं, ते सांगितलं. मग घराचं दार आलं.

इथे मी थांबले. भिंतीपलीकडे माळेचे मणी सरकत होते, आणि मला कळलं की तेही थांबलेत.

"घरी आले तेव्हा ती झोपलेली होती," मी म्हटलं. "गालांवर ओघळ होते. मधल्या तीन तासांत ती किती रडली, कशी गप्प झाली, ते मला सांगता येत नाही. मी तिथे नव्हते. त्यावर बरंवाईट बोलायचा हक्क जी तिथे होती तिचा. माझ्याकडे फक्त बस आहे."

मणी परत सुरू झाले.

एडिटिंग मला येत नव्हतं, म्हणून केलं नाही. शोला नाव द्यावं लागतं, ते अजून सुचलेलं नव्हतं, म्हणून स्वतःचं दिलं, एकदाच, डोळे उघडे ठेवून. फैजपूरच्या काकांनी शिबिरात शेजारी बसून कुठलं बटण कुठे दाबायचं ते कागदावर काढून दिलं होतं. केळीच्या पानासारखं चित्र होतं ते, पण चाललं. नऊ मिनिटं, छत्तीस सेकंद. मग फोनवर ते अपलोड होण्याचा गोल फिरत राहिला आणि मी पलकला मांडीवर घेऊन तिच्या तळपायाला फुंकर मारत बसले. तिला ते फार आवडतं. बोटं उघडून धरते.

मम्मीजी बाहेर आल्या. पाणी प्यायल्या.

"झालं?"

"चढतंय."

"कालचं बरं होतं," त्या म्हणाल्या. "कालच्यात दम होता."

"कालचं खोटं होतं."

"म्हणून." त्यांनी पदराने मान पुसली आणि फोनकडे बघितलं. गोल पूर्ण झाला होता. "किती लोक ऐकतात असलं?"

मी आकडा बघितला. शून्य. "आत्तापर्यंत धरलं तर एक," मी म्हटलं.

"तीही उठता येत नाही म्हणून," त्या म्हणाल्या, आणि पलककडे हात केले.